ब्लॉगवर न चढलेली फाईल

बाबा शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी साध्या प्रयोगांची बारा पानी पुस्तिका समुद्रपुरात टाईप करून घेतली. ती कुठल्याही शिक्षकाला छापून घेता यावी, एवढीच त्यांची इच्छा. मी तेव्हा ब्लॉग लिहायची, म्हणून काम माझ्याकडे आलं. मजकूर ब्लॉगवर चिकटवला, तर त्या जुन्या फॉन्टमुळे नुसती चिन्हं उमटली. अख्खी फाईल ठेवायची तिथे सोयच नव्हती.

“ब्लॉग फोटो घेते, मंग फाईल काऊन नाई घेत?” बाबा म्हणाले. “इंग्रजी शाळेत शिकली ना तू? विचार त्याईले.”

मी ब्लॉगवाल्यांना पत्र लिहिलं. फायली ठेवू दिल्या तर लोक चोरीची पुस्तकं भरतील, असं उत्तर आलं. मला ते पटलं. मग फोटो चोरीचे नसतात का, असंही वाटलं, पण पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

शेवटी कीबोर्डवर मराठी अक्षरं शोधत मीच नव्या फॉन्टमध्ये सगळं टाईप केलं आणि ब्लॉगवर टाकलं. तेव्हा ती पुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. त्यातल्या एका प्रयोगाप्रमाणे हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकूनही पाहिलं.

गिरडच्या एका शिक्षकांनी पुस्तिका छापून घेतल्याचं कळवलं. मी बाबांना ते सांगितलं, हळदीचा प्रयोग केल्याचंही.

“बरं झालं,” ते म्हणाले. “अन् तुवा हळदीचा कागद लाल झाला का?”