स्कॅनरवरचं बाभुळगाव

प्रमोदच्या दुकानातले किस्से म्हणजे बैलगाडीत भरलेला कापूस. कितीही दाबा, बाजूनं निघतेच! मी लिहिणार नव्हतो, पण आता जो तो आपल्या मनानं सांगून राह्यला. उत्तमराव तं सगळ्या किस्स्यात स्वतःलेच हीरो करते. म्हटलं, खरं काय झालं थे एकदा मीच सांगून टाकतो.

प्रमोद म्हणजे बाभुळगावच्या स्टँडजवळचा टीव्ही मेकॅनिक. त्याच्या दुकानात आम्ही तिघं रिकामटेकडे: एसटीतून रिटायर झालेले उत्तमराव, कापूसवाले नामदेवभाऊ अन् मी, पोस्टातून रिटायर. प्रमोदच्या साळ्यानं अमेरिकेतून डिजिटल स्कॅनर पाठवला. आजूबाजूले वॉकीटॉकीवर कोण काय बोलते, थे पकडणारं मशीन.

चालू केलं तं त्यानं पहिले पिनकोड मागितला. अन् जागा अमेरिकेसारखी पाचच आकड्यांची! आपला पिनकोड सहाचा.

"एक आकडा उडवा," प्रमोद म्हणे.

माझं डोकंच सरकलं. "उडवा? पोस्टात जिंदगी गेली माझी! आकडा उडवला तं पत्र कुठं जाईन, माहीत हाय का बे तुले?"

उत्तमराव म्हणे, पहिला उडवा. नामदेवभाऊ म्हणे, शून्य उडवा, त्याची तशी बी किंमत नसते. शेवटी शून्य उडवलं. मशीन खूश! त्यानं अमेरिकेतल्या कोण्यातरी गावची फायर ब्रिगेड लावून देल्ली अन् गप बसलं. आम्ही आठवडाभर कान लावून राह्यलो. हूं नाही का चूं नाही.

उत्तमराव म्हणे, "गाव चांगलं हाय बाप्पा. कुठंच आग लागत नाही!"

*

मग प्रमोदनं मशीनचं पुस्तक वाचून हातानंच फ्रिक्वेन्सी भरायले सुरुवात केली. एक दिवस आवाज आला! "हॅलो, माईक टेस्टिंग, हॅलो!"

प्रमोद खुर्चीवरून उडालाच. खुशीत आम्ही चहा सांगितला, भजे सांगितले. उत्तमरावनं चहावाल्याले हाक द्यायले बाहेर डोकं काढलं, अन् तसेच उभे राह्यले.

"अबे, हा तं समोरचा मंडपवाला हाय! बिना मशीनचा बी ऐकू येऊन राह्यला!"

प्रमोद म्हणे, "हो, पण याच्यातून क्लिअर येते ना!"

*

कापसाची थे सालं लय वाईट होती. भाव पडलेले, अन् खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग फाटकापासून पार रोडवर. त्याच रांगेत नामदेवभाऊची गाडी. नियम असा, का ज्याच्या नावाची चिठ्ठी, नंबर पुकारल्यावर त्यानंच हजर पाहिजे. नाही तं गाडी रांगेच्या शेवटी. अन् इकडं त्यायच्या शोभाचं साक्षगंध ठरलेलं. पोरीनं सांगूनच ठेवलंतं, "बाबा समोर नसले तं मी अंगठी घालून घेणार नाही."

नामदेवभाऊच्या तोंडाचं पाणीच पळालं. मले तं त्यायच्याकडं पाहवत नव्हतं.

प्रमोदनं हट्टानं केंद्राच्या वॉकीटॉकीची फ्रिक्वेन्सी शोधून काढली. आता कापसाचा दर्जा ठरवणारा ग्रेडर कुठं हाय, थे आमाले दुकानात बसून समजे. "साहेब जेवायले गेले." "साहेब आडवे झाले." नामदेवभाऊ सायकल मारत जाऊन रांगेत सांगे. ग्रेडर मागच्या दारानं गुपचूप ये, तं रांग पहिलेच तयार, बैलं जुपलेली!

केंद्राच्या मॅनेजरले वाटलं, आपल्यातच कोणी फितूर हाय. त्यानं कोडवर्ड ठरवला. वॉकीटॉकीवर ग्रेडरले 'मामा' म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी ग्रेडर फाटकातून आत आला, अन् अख्खी रांग हात जोडून उभी:

"रामराम, मामा!"

*

मग एक दिवस मॅनेजर स्वतःच दुकानात! आमची तं पाचावर धारण बसली. प्रमोदनं घाईघाईनं मशीनवर रुमाल टाकला.

मॅनेजरनं रुमाल उचलला, स्टूल ओढलं अन् म्हणे, "माझ्या सेटची बॅटरी गेली. जरा आवाज वाढवा. आमचा ग्रेडर कुठं भटकून राह्यला, पाहू द्या."

आम्ही चहा पाजला. नामदेवभाऊनं मोका पाहून हात जोडले. "साहेब, बुधवारी पोरीचं साक्षगंध हाय. त्याच दिवशी माझा नंबर लागन असं दिसते. माझ्या भावाले उभं राहू द्या ना जी."

"नियम म्हणजे नियम. हजर नाही, तं गाडी मागं." एवढं बोलून थो निघून गेला.

असा राग आला मले! वरून चहा बी आमचाच!

*

बुधवारी साक्षगंध गावातल्याच हॉलमंदी होतं. नामदेवभाऊ नवा सदरा घालून पाटावर बसले, मांडीवर स्कॅनर, कानात त्याची वायर. नंबर पुकारला का पळायचं म्हणून सायकल दाराशीच लावलेली.

पाहुण्यायले वाटलं, पोरीच्या बापाले कमी ऐकू येते. नवरदेवाचा बाप कानाजवळ येऊन वरडला, "आमाले पोरगी पसंत हाय!" मग त्यायचे भाऊ वरडले. मग आत्या वरडली. नामदेवभाऊ आपले मान हालवून राह्यले, ध्यान सारं कापसाकडं.

नवरदेवानं अंगठी काढली. शोभानं हात पदराखाली ओढून घेतला.

"बाबा, पहिले थे कानातलं काढा."

नामदेवभाऊनं वायर ओढली, तं थे कानातून नाही, मशीनमधूनच निघाली. अन् खरेदी केंद्राच्या चौकीदाराचा आवाज साऱ्या हॉलमंदी!

"साहेब, नामदेवचा नंबर लागला. पुकारू का?"

नामदेवभाऊ अर्धे उठले.

मशीनमधून मॅनेजर बोलला, "नको पुकारू. वजनकाटा बिघडला म्हणून सांग."

"काटा तं चालू हाय, साहेब."

"मंग बिघडव ना बे!"

नामदेवभाऊ खाली बसले. शोभानं हात समोर केला.