औटकीभराचा समुद्र

मास्तरांच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते काकूंचं. मास्तर स्वतः वेळ पाढ्यांत मोजत. चहा निमकीभर उकळायचा, दाढीचं पाणी पावकीभर तापवायचं आणि सवायकी दोनदा म्हणून झाली की बोईसरची एस.टी. वळणावर दिसायलाच हवी. नाही दिसली तर चूक एस.टी.ची. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांकडून पाव, अर्धा, दीड आणि औट म्हणजे साडेतीन, असले सगळे पाढे घोकून घेतल्यावर माणसाचं असं होत असावं. नवे पैसे आले, आणे गेले आणि शाळेतून हे पाढेही गेले. त्याच सुमारास मास्तर निवृत्त झाले. "एवढे पाठ केलेले पाढे वाया जाऊ नयेत म्हणून यांनी फोटो काढायला घेतले," असं काकू सांगायच्या.

त्यात तथ्य होतं. मास्तरांचा कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभं केलेलं लाकडी खोकं. त्याला खटका नव्हता. भिंगावरची टोपी हातानं काढायची, पाहिजे तेवढं थांबायचं आणि परत घालायची. इतर फोटोग्राफर एक, दोन, तीन म्हणून मोकळे होत. मास्तर टोपी काढून पाढा सुरू करत. खाडीला दिडकी, धबधब्याला अडीचकी आणि संध्याकाळच्या समुद्राला पुरी औटकी, हे त्यांचं कोष्टक ठरलेलं. टोपी इतका वेळ उघडी राहिली की हलणारं सगळं पुसलं जायचं आणि जागचं न हललेलं तेवढं कागदावर उरायचं. लाटांचं धुकं व्हायचं, धबधब्याचा पिंजलेला कापूस व्हायचा. माणसांचे फोटो ते काढत नसत. "माणूस दिडकीभरसुद्धा टिकत नाही," म्हणायचे.

तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं तेव्हा आमचे हे तिथे फिटर म्हणून लागले आणि आम्ही साताऱ्याकडून येऊन बेटेगावात मास्तरांच्या पडवीतल्या खोलीत बिऱ्हाड थाटलं. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. मास्तरांनी मला आठ दिवसांत पाच समुद्र दाखवले, सगळे कागदावर. माझी खात्रीच झाली की समुद्र म्हणजे पहाटेच्या धुक्यासारखं काहीतरी निवांत प्रकरण असतं. मग एका रविवारी मास्तर आणि काकूंबरोबर चिंचणीला गेले, आणि पहिली लाट अंगावर आली तशी चपला टाकून मागे पळाले. "मास्तर, हा हलतोय हो!" असं मी ओरडले म्हणे. मास्तर हसून हसून वाळूत बसले. "हलू दे पोरी. औटकीभर थांब, शांत होईल."

या पद्धतीत एक खोट होती. पाढा मध्ये तुटला तर पहिल्यापासून म्हणायचा, ही शाळेतली शिस्त मास्तरांनी स्वतःलाही लावली होती. टोपी उघडीच, आणि पाढा मात्र पुन्हा "एके"पासून. एकदा पावसाळ्यात जव्हारकडच्या एका धबधब्यावर ते अडीचकी म्हणत उभे होते. वाटेनं जाणारा गुराखी म्हणाला, "राम राम." राम रामाला उत्तर न देणं मास्तरांना जमायचं नाही. उत्तर दिलं, पाढा तुटला, पुन्हा सुरुवात. मग त्या गुराख्याचा भाऊ आला. मग लाकडाची मोळी घेतलेल्या तीन बाया आल्या आणि त्यांनी गाव विचारलं. घरी येऊन निगेटिव्हची काच धुतली तर जास्त उजेड खाऊन धबधबा, डोंगर, आभाळ सगळं एकजात काळंकुट्ट. "माणुसकीनं मारलं," मास्तर म्हणाले.

औटकीत तर ते स्वतःच अडखळायचे. तेराला हमखास. "तेरा औटे साडेचव्वेचाळीस" असं झालं की मागे छत्री धरून बसलेल्या काकू शांतपणे म्हणायच्या, "साडेपंचेचाळीस." मास्तर मान न वळवता पुटपुटायचे, "मला येतं," आणि पुढे जायचे. काकूंनी सांगितलं तर पाढा तुटला असं धरत नसत. हा नियम कधी आणि कसा झाला ते मला कुणी सांगितलं नाही.

पण मास्तरांचा खरा परीक्षक बसला होता मुरब्यात, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या गावात. धाकू तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. वयानं मास्तरांएवढाच, लहानपणी दोघं एकाच बाकावर होते. चौथीत तो शाळा सोडून दर्यावर गेला आणि मास्तर शाळेतच राहिले. प्रत्येक नवा फोटो घेऊन मास्तर सायकलवरून मुरब्याला जायचे, आणि प्रत्येक वेळी पडलेल्या तोंडानं परत यायचे.

"मास्तर, लाटा कुठं हायत?" तांडेल विचारायचा. "तुमी काय दूध सांडून त्याचा फोटू काढता?"

एकदा तर मास्तरांनी लांबवर डोलणाऱ्या तांडेलाच्या होडीसकट समुद्र टिपला. डोलणारी होडी औटकीभरात विरून गेली. तांडेलानं फोटो उलटसुलट करून पाहिला आणि बायकोला हाक मारली. "अगं ए, बघ, मास्तरानं आपली होडी बुडवली!" तिनं मात्र ते थट्टेवारी नेलं नाही. होडीवर नारळ फोडला आणि मास्तरांना निरोप धाडला की पुन्हा आमच्या होडीकडे ते खोकं वळवाल तर बघा.

मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनात मास्तरांच्या एका फोटोला बक्षीस मिळालं होतं. ते प्रमाणपत्र काकूंनी तांदळाच्या डब्याखाली घातलं, डबा डुगडुगू नये म्हणून. मास्तरांनाही त्याचं काही नव्हतं. "त्या परीक्षकांनी समुद्र चौपाटीवरून पाहिलाय," म्हणायचे. "धाकूनं एकदा म्हणावं, हां, हा माझा दर्या. मग मी कॅमेरा माळ्यावर टाकतो." दहा वर्षं ते त्या एका "हां"साठी सायकल मारत होते.

त्या वर्षी आमच्या ह्यांनी कामावर टाकून दिलेली वेल्डरच्या चष्म्याची काळी काच आणून दिली. ती भिंगापुढे धरली की भर दुपारीसुद्धा औटकी म्हणता येई. मास्तर लहान मुलासारखे नाचले. मुरब्याच्या किनाऱ्यावर त्यांनी तीन औटक्यांचा एक फोटो काढला. पाणी नाही, आभाळ नाही, दोन्ही एक झालेलं, आणि मधोमध एक काळा खडक. मलासुद्धा तो पुन्हा पुन्हा बघावासा वाटला. त्या खेपेला काकू आणि मीही एस.टी.नं मुरब्याला गेलो.

तांडेल अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. फोटो त्यानं अगदी नाकाशी नेला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "हां. ह्यो हाय दर्या. आता बराबर काढलाव."

मास्तर चटकन पुढे झाले. त्यांनी तांडेलाचे दोन्ही हात धरले. घरी आल्यावर काकूंना शिरा करायला लावला आणि बेटेगावात दारोदार जाऊन स्वतः वाटला. मला मात्र शिरा गोड लागेना. तांडेलानं चहाची कपबशी फळीवर ठेवली ती फळीच्या बाहेर, आणि ती फुटली तेव्हा सूनबाईनं कपाळाला हात लावून "परत!" म्हटलं होतं, हे मी पाहिलं होतं. शेवटी काकूंजवळ बोलले. काकू म्हणाल्या, "मीही तेच म्हणते. भर हंगामात तांडेल अंगणात कसा?"

मास्तर दारात उभे होते. हातातली शिऱ्याची वाटी त्यांनी खाली ठेवली. त्या संध्याकाळी चहा उकळून उकळून आटला, तरी पडवीतून निमकी काही ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी ते मुरब्याहून आले आणि सायकल टेकवतच म्हणाले, "मोतीबिंदू. दोन्ही डोळे. त्याला सगळंच तसं दिसतंय, माझ्या फोटोसारखं. सांगितलं तर घरात कुणाला पटत नव्हतं. मुलगा म्हणतो, बाप कामचुकार झाला."

पालघरला डोळ्यांचं शिबिर लागणार होतं. तांडेल तयार होईना. वर हसून मास्तरांनाच म्हणाला, "डोळं बरं झालं तर तुमचा फोटू परत वाईट दिसंल. तुमचंच नुसकान हाय." मास्तरांना हे लागलं. खोटं का सांगू, दोन दिवस ते घुटमळले. पडवीत तो फोटो समोर ठेवून बसायचे. शेवटी काकू कडाडल्या, "मित्र आंधळा राहिला म्हणजे तुमची कला थोर, असंच ना?" मास्तर उठले, सायकल काढली आणि तांडेलाला बखोटीला धरून शिबिराला घेऊन गेले.

त्या काळी शस्त्रक्रियेनंतर रोग्याला दिवसचे दिवस उताणं पडून राहावं लागे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलली तर डोळा गेला, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि तांडेल तर जन्मात कधी स्थिर बसला नव्हता. मास्तर खाटेशेजारी स्टूल टाकून बसले. "धाकू, हलायचं नाही. मी औटकी म्हणतो, ती संपेपर्यंत फक्त." ती संपली की दुसरी. दुसरीनंतर तिसरी. तेराला अडखळले तर पट्टीखालून तांडेलच ओरडायचा, "साडेपंचेचाळीस! चौथीत तुमीच मला शिकवलाव!" चार दिवसांत अख्ख्या खोलीतले पट्टीवाले एका सुरात औटकी म्हणू लागले. नर्सबाईंनी पहिल्यांदा दटावलं, मग एकही रोगी हलत नाही हे पाहून सोडून दिलं.

पुढे जाड भिंगांचा चष्मा आला. आम्ही सगळे मुरब्याला गेलो. मास्तरांनी फोटो मुद्दाम घरीच ठेवला होता, पण काकूंनी पिशवीतून आणला होता. तांडेलानं मागितल्यावर त्यांनी तो पुढे केला. तांडेलानं हात लांब करून फोटो धरला. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या दर्याकडे. भरती लागत होती, होड्या नाचत होत्या.

"नाय मास्तर," तो म्हणाला. "ह्यो दर्या नाय."

"नाही ना?" मास्तर ओरडले. "नक्की नाही ना? नीट बघ!" त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. त्यांनी इतक्या आनंदानं हार मानलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्यांनी फोटो परत घ्यायला हात पुढे केला. तांडेलानं तो आपल्या छातीशी धरला.

"ह्यो ऱ्हाऊ दे माझ्याकडं," तो म्हणाला. मग त्यानं अंगणात उभ्या असलेल्या मुलाला हाक मारली आणि फोटो त्याच्या हातात दिला. "बघ. दोन वरसं मला ह्येवढंच दिसत होतं. सांगून दमलो, तुमाला कळत नव्हतं."

मुलानं फोटो अगदी नाकाशी नेला. मग आत जाऊन त्यानं खिळा आणि हातोडी आणली.