बाबा, मोटर बघून या

आमच्या टीमचं नाव लिहीत नाही. तिची अब्रू राहील आणि माझीही. प्रवरेच्या कालव्याचं पाणी सुटतं तशी ती खेळते. येणार म्हणून शेतात पाटाची दारं धरायला उभं राहावं तर कोरडी, आणि आपण निर्धास्त झोपलो की बांध फोडून. या हंगामात तिनं पहिल्या नंबरच्या टीमला तिच्याच मैदानावर लोळवलं आणि लगेच तळातल्या टीमकडून घरी मार खाल्ला. आमचा गोलकीपर अवघड चेंडू झेप घेऊन अडवतो. सोपा, पायाशी आलेला चेंडू मात्र पाळण्यात बाळ ठेवावं तसा अलगद जाळ्यात ठेवतो.

पण मला सांगायचंय ते टीमबद्दल नाही. हंगामभर तोंड मिटून होतो, ते आता सांगून टाकतो. मी माझ्या बापाला पनवती ठरवलं होतं.

बाबा मिशनच्या शाळेत पी.टी.चे मास्तर होते. चेंडू बुटाच्या टोकानं मारायचा नसतो, हे मला त्यांनीच शिकवलं. देवळाली-प्रवरेजवळच्या आमच्या मळ्यात टीव्हीपुढची वेताची खुर्ची त्यांची. घर ख्रिस्ती. मांजर आडवं जाणं, लिंबू-मिरची, असलं काही घरात कुणी बोललं की बाबा कान पिळायचे. चर्चच्या कमिटीवर मीही आहे. तरी हंगामाच्या सुरुवातीला एकदा बाबा विहिरीवरची मोटर बघायला गेले आणि तेवढ्यात आमचा गोल झाला. परत येऊन टेकले, तर समोरच्यांचा झाला. पुढच्या मॅचलाही तसंच. मग माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

त्यानंतर मीच त्यांना पाठवू लागलो. 'बाबा, लाइट आली वाटतं, जरा मोटर बघून या.' 'बाबा, उसात पाणी कुठवर गेलं बघता का?' ते उठून चपला घालायचे. टीम जिंकली की रिकाम्या खुर्चीकडे बघवायचं नाही. हरली की वाटायचं, म्हातारा लवकर परत आला.

बायकोच्या ते लक्षात आलं होतं. एकदा म्हणाली, 'अहो, एवढंच असेल तर शेजारचे शनिवारी शिंगणापूरला चाललेत. टीमच्या नावानं तेल द्या पाठवून. बाबांना तरी बसू द्या.'

'काहीतरीच काय! आपल्यात चालतं का असलं?'

'नाही ना? मग बघा.'

शेवटची मॅच आली. जिंकलो तर पुढची फेरी, नाहीतर घरी. आम्ही घरीच आलो, हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी आशा लावून बसणार नाही. रात्री मॅच सुरू झाली, मी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर बाबा आपणहून उठले.

'आलोच मोटर बघून.'

ते गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. त्या आठवड्यात शेतीच्या लाइटची पाळी दिवसाची होती. मोटर दुपारीच बंद झाली होती. मी मॅच सोडून मागोमाग गेलो.

पंपाच्या खोलीच्या पायरीवर ते बसले होते. घराकडे कान देऊन.

'बाबा, मोटर बंद आहे.'

'ठावं हाय मला.'

'मग येता कशाला इथं?'

'तुजी टीम हरली का तू दोन दिस घुम्यावानी जेवतूस. सूनबाईवर वसवस करतूस. त्यापरीस मी हितं बरा. वाराबी लागतो.' मग आवाज उतरवून म्हणाले, 'आन् खरं सांगू? मी भाईर असलो का जिंकती रं ती.'

आमचे कान पिळणारा माणूस हा!

'मीच पाठवत होतो तुम्हाला. मुद्दाम.'

'व्हय. खोटं बोलताना तू माज्याकडं बघत न्हाईस. ल्हानपनापास्नं.'

मी खाली बघत राहिलो. तेवढ्यात घरातून बायको ओरडली, 'गोल! अहो, गोल झाला!'

'कुणाचा?'

'ते मला काय माहीत! उड्या मारतायत एवढं दिसतंय!'

'आपलाच आसनार,' बाबा पायरीवर आणखी नीट बसत म्हणाले. 'मी हाय हितं. तू जा, बघ.'

मी त्यांचा दंड धरला. 'चला आत.'

'आन् हरली म्हंजी?'

'हरू द्या. तिला काय सवय नाही?'

गोल आमचाच होता. बाबा खुर्चीत टेकले, तेही पाहुण्याच्या घरी बसावं तसे कडेला. ते टेकले मात्र, आमच्या गोलकीपरनं पायाशी आलेला चेंडू जाळ्यात ठेवला. एक-एक. बरोबरी म्हणजे घरी. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बाबांना तर टीव्हीशी देणंघेणंच नव्हतं. तेही माझ्याकडेच बघत होते, मिशीत हसत.

'काय रं? जाऊ का मोटर बघाया?'

'बसा गप,' मी त्यांच्याकडे सरळ बघून म्हणालो. 'मोटर बंद आहे.'