साडूच्या गाडीतला मागचा पट्टा

मला गाडीत बसवण्याआधी साडूने सीटवर खताचं रिकामं पोतं अंथरलं होतं. गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची, पण त्या पोत्यावरची हिरवी अक्षरं आजही डोळ्यांपुढे आहेत.

सिद्धेश्वर गावच्या माझ्या सासुरवाडीहून सगळे औंढ्याला देवदर्शनाला निघाले होते. मी तेव्हा भाड्याच्या शेडमध्ये हळद पॉलिश करायचा एकच ड्रम चालवत होतो आणि थेट कामावरून आलो होतो. कपडे झटकले होते. पण हळदीची पूड शिवणीत बसते, झटकून जात नाही. साडू शाळेत मास्तर. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि दारात नवीकोरी छोटी गाडी, सासऱ्यांच्या नात्यागोत्यातली पहिली.

"वाईट वाटून घेऊ नका, साडूभाऊ," तो पोतं पसरत म्हणाला, "पर हळदीचा डाग जात न्हाई. सीटकव्हर नवं हाय."

सासरे हसले. ओसरीवर बसलेले सगळेच हसले. बायको गाडीत बसली होती, तिला मी हाताला धरून उतरवलं आणि फाट्यावर जाऊन आम्ही बसची वाट पाहिली. एरवी भाव करताना मी कुणाला बोलू देत नाही, पण त्या दिवशी एक साधं उत्तर होतं तेही मला सुचलं नाही.

मागच्या वर्षी मला गाडी घ्यायची वेळ आली. ड्रम आता तीन झाले होते, शेड स्वतःची झाली होती. पण मोटारसायकलवर बायकोची कंबर टिकेना. दोन लाखांच्या वर जायचं नाही आणि कर्ज काढायचं नाही, एवढं ठरलेलं होतं. दोन महिने मी हिंगोली, परभणी, नांदेड पालथं घातलं. एका ठिकाणी इंजिन इतकं चकचकीत धुतलेलं होतं की मी विचारलं, तेल कुठून गळतं ते धुतलंत का? विकणारा रागावला. दुसऱ्या गाडीच्या मीटरवर किलोमीटर थोडे आणि ब्रेकच्या पायाखालचं रबर पार गुळगुळीत. अजून एकाने थंड इंजिनाची खोड लपावी म्हणून आम्ही पोहोचायच्या आत गाडी सुरू करून गरम करून ठेवली होती. बोनेटवर हात ठेवला आणि चहा न पिता परत फिरलो.

मग कळलं की साडू मोठी गाडी घेतो आहे आणि छोटी विकायला काढली आहे.

"तिथं जाऊ नका," बायको म्हणाली. "तुमी गाडी पाहायला न्हाई, भांडायला जाऊन राहिलात."

"दोनी करतो."

खरं सांगायचं तर गाडी चांगली होती, आणि ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात मी ती गाडी डोळ्यांनी चाळून काढली होती. तेल वेळेवर बदललेलं, चावी कधी दुसऱ्याच्या हातात नाही. मला ती गाडी माझ्या भावात हवी होती, आणि भाव सासऱ्यांच्या समोर पाडायचा होता.

रविवारी उजाडताच, फोन न करता, सासऱ्यांना सोबत घेऊन मी शिरड शहापूरला साडूच्या दारात उभा राहिलो. बोनेट थंडगार. पहिल्या चावीला इंजिन लागलं, धूर नाही, खडखड नाही. मनात म्हटलं, हीच. तोंड मात्र कडूच ठेवलं.

"दोन चाळीस," साडू म्हणाला. "घरचे म्हणून सांगून राहिलो."

"मागून बसल्यासारखी दिसते. माल भरला का कधी?"

"काय बोलता! फॅमिलीची गाडी हाय. मामा, सांगा की यास्नी."

"व्हय, लई जपतो तो," सासरे म्हणाले.

मी मागचं दार उघडलं आणि सीटबेल्टचा पट्टा ओढला. जुन्या गाडीचा पट्टा मी शेवटापर्यंत ओढून बघतो. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर आत गुंडाळलेल्या भागावर गाळ राहतो. बाहेर दिसणारा पट्टा स्वच्छ, काळा होता. आतून निघाला तो पिवळा.

मी बोटाने पुसून वास घेतला. मग तेच बोट सासऱ्यांच्या नाकाजवळ नेलं.

"मामा, काय हाय?"

सासऱ्यांनी वास घेतला आणि साडूकडे पाहिलं. "हळद हाय की रं."

टेम्पोचं भाडं वाचवायला साडू मागचं सीट काढून स्वतःच्या शेतातली हळद पोत्यांनी वसमतच्या बाजारात नेत होता, आणि पोती हलू नयेत म्हणून याच पट्ट्याने आवळत होता. ते त्याने तिथंच कबूल केलं. "दोन-चार खेपा फक्त," तो म्हणाला.

"मागचे शॉकअप बदलावे लागतील," मी म्हणालो. "एक नव्वद. आन् या हळदीखाली पोतं का अंथरलं न्हाई, ते मामांना सांगा."

त्याने गाडी एक नव्वदला दिली.

गाडी नावावर करायला आठवड्याने हिंगोलीला जायचं होतं. त्याची मोठी गाडी अजून यायची होती, म्हणून त्याला न्यायला मीच गेलो. बायको पुढे बसली होती. साडू पांढऱ्या शर्टात आला. मागच्या सीटवर मी खताचं पोतं अंथरलेलं होतं. तो त्या पोत्यावर बसला.

"पट्टा लावा, साडूभाऊ. औंढ्याच्या चौकात पोलीस असतेत."

एप्रिलचं ऊन होतं. गाडीचा एसी चालू होता, पण मी तो बंद केला. मायलेज बघायचं होतं, असं म्हणालो. हिंगोलीत कचेरीसमोर तो उतरला तेव्हा खांद्यापासून पोटापर्यंत घामात भिजलेला पिवळा पट्टा शर्टावर उमटला होता. कागदांवर सह्या होईपर्यंत तो तसाच रांगेत उभा होता.

संध्याकाळी मेव्हणीचा फोन आला. बायकोने ऐकून माझ्याकडे पाहिलं.

"ताई म्हणते, साबण लावला तर डाग लाल झाला. उन्हात टाकला की दोन दिवसात उडतो म्हणून सांगू का?"

आमच्या दोरीवर माझे कामाचे कपडे रोज वाळतात. हे उत्तर त्या दिवशी ओसरीसमोर सुचायला हवं होतं.

"नगं सांगू," मी म्हणालो. "जात न्हाई म्हण."

त्या दिवशी फाट्यावर तीही माझ्यासोबत उभी होती.

"न्हाई गं ताई," ती फोनमध्ये म्हणाली, "हळदीचा डाग जात न्हाई."