एक अंगावर, एक डब्यावर

ती केस आठवली की मी अजूनही खुर्चीत सरळ होऊन बसतो. ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना बेसा गावातून एका बाळंतिणीच्या शेजारणीचा फोन आला, "साहेब, इथं एक बाई लेकराले मारून राहिली!" पाठोपाठ दवाखान्याचा कागद आला. सव्वा महिन्याचं बाळ, काळेनिळे डाग, नाकातून रक्त, कारण संशयास्पद.

बाळं जुळी होती. आईजवळचं डागांनी भरलेलं, जावेकडे दिलेलं ठणठणीत. मला तर केस सुटल्यातच जमा वाटली. मनातल्या मनात अटकेचे कागद भरूनही झाले होते.

महिला शिपायाला बसवून आईची चौकशी सुरू केली.

"मी काहून मारीन, साहेब? माह्याच पोटचं हाय थे. मले न्यायचं तं न्या, पन आधी त्याले पाजू द्या."

खोटं बोलणारा आधी स्वतःला वाचवतो. हिला दूध पाजायची घाई! मी चरकलो.

मग जावेला विचारलं. ती म्हणाली, "दूध एकालेच पुरते, साहेब. म्हणून तिचं अंगावर पिते, अन् माह्यावालं डब्यावर हाय."

हे मी दवाखान्यात बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सहज बोललो. त्या ताडकन उठल्या.

"जन्म कुठे झाला?"

"सावनेरहून येताना, गाडीतच," आईच्या जबाबात होतं ते मी सांगितलं.

"कार्ड आणा. पळा!"

मी स्वतः पळालो. दोन्ही बाळांच्या लसीकरणाच्या कार्डावर व्हिटॅमिन 'के'चा रकाना कोरा! जन्मल्याबरोबर मांडीत द्यायचं इंजेक्शन गाडीतल्या गडबडीत राहूनच गेलं होतं. ते जीवनसत्त्व नसेल तर रक्त गोठत नाही. आईच्या दुधात ते अगदी थोडं असतं, डब्याच्या दुधात मुद्दाम घातलेलं असतं. रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. इंजेक्शन दिलं आणि दुपारपर्यंत नाकातलं रक्त थांबलं. वर्दीत होतो म्हणून, नाहीतर मी तिथेच नाचलो असतो! दुसऱ्या बाळालाही लगेच टोचून घेतलं.

बाळ आईच्या हातात दिलं, तरी ती पाजेना. "थेच दूध पाजू, साहेब?" तिनं विचारलं. "तेच पाज, उत्तम आहे. फक्त इंजेक्शन राहिलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती मात्र माझ्याच तोंडाकडे बघत राहिली.

"पाजा, ताई," मी म्हटलं. तेव्हा कुठे तिनं बाळाला छातीशी धरलं. मला स्वतःची लाज वाटली. मारणारा कोण, हे मी सकाळपासून शोधत होतो. मुळात मारलं आहे का, हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.