औषध येईपर्यंत

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दीनानाथ पेंडशांइतका रोखठोक माणूस नव्हता. मीटिंगमध्ये सेक्रेटरीच्या तोंडावर खरं बोलायचे आणि वर त्याचाच चहा प्यायचे. अशा माणसाने आयुष्यात एकच खोटं सांगितलं, आणि तेच नडलं.

२००६ साली त्यांच्या पत्नीचे, आनंदीबाईंचे, हातपाय आपोआप हलू लागले. डॉक्टर म्हणाले, हा हंटिंग्टनचा आजार. एका बिघडलेल्या जनुकामुळे होतो, बहुधा चाळिशीच्या आसपास डोकं वर काढतो. मुलीलाही होण्याची शक्यता निम्मी. "आज औषध नाही. पण अशी जनुकं गप्प करायचं संशोधन चाललंय, यंदाचं नोबेलही त्यालाच मिळालंय. मुलीला मात्र सांगा."

दीनानाथरावांनी नोबेल तेवढं ऐकलं. स्पृहा चोवीस वर्षांची, हिंजवडीत नोकरीला, चांगली स्थळं सांगून येत होती. त्यांनी मनाशी म्हटलं, हिची चाळिशी येईतो औषध येईलच, मग पोरीचं लग्न का मोडा? घरीदारी 'कंपवात' सांगितलं. पत्रिका छान जुळली. आमच्यात मंगळ आहे का ते दहादा विचारतात, रक्तात काय आहे ते कोणी विचारत नाही.

आनंदीबाई झिजत झिजत गेल्या. पेपरात जनुकांची बातमी आली की दीनानाथराव माझ्याकडे धावत यायचे. "अहो, उंदरांवर जमलं म्हणे!" मला वाटायचं, रिटायर माणसाचा छंद. २०२१ साली या आजारावरच्या एका औषधाची मोठी चाचणी मध्येच थांबली. मग ते यायचे बंद झाले.

त्या दिवाळीत मी त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. स्पृहा समोर बसली होती. तिचा खांदा मधूनच उडत होता. "कॉम्प्युटरचं दुखणं, काका," ती हसून म्हणाली. दीनानाथराव एकदम रडायला लागले आणि माझ्यादेखतच सगळं बोलून गेले. मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही येतो, आणि तितकीच कीवही येते.

स्पृहाने मान वळवून बाहेर पाहिलं. गॅलरीत तिची लेक सृष्टी आकाशकंदील लावत होती.

"बाबा, मला सांगितलं असतंत तर मी मूल होऊ दिलं नसतं," ती म्हणाली. "आणि आता ही नको होती, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?"