म्हात्रे सरांचा चालता चार्ज

अंबरनाथच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स डिपार्टमेंट म्हणजे दोन माणसं: म्हात्रे सर आणि मी. हसवणं हा आमचा उद्योग नाही. पण आम्ही प्रश्न विचारतो, मुलं उत्तरं देतात आणि किस्से साठत जातात. बरेचसे एकाच धड्यातले: एकसमान वेगाने जाणाऱ्या चार्जचं फील्ड.

*

"चार्ज प्रचंड वेगात सुटला की फील्ड पुढे-मागे कमी होतं, बाजूंना वाढतं. कळलं?" सरांनी वर्गात विचारलं.

रोशनीच्या घरचा जीन्सचा कारखाना. ती म्हणाली, "हो सर. लांबीला आखूड, कमरेत लूज."

"बरोबर," म्हणून सरांनी फळा पुसला.

*

तिनेच एकदा विचारलं, "सर, मी चार्जच्या बरोबरीने पळाले तर?"

"तुला मॅग्नेटिक फील्ड दिसणारच नाही. उभा असेल त्याला दिसेल."

"मग खरं कोण?"

"दोघंही."

"सर, आमच्या घरी एकाला खोटं ठरवल्याशिवाय जेवायला वाढत नाहीत!"

*

शेअर रिक्षात सर मला चार्जच्या वेगाबद्दल सांगत होते, "मॅडम, युनिफॉर्म पाहिजेच! युनिफॉर्म नसेल तर सगळंच बदलतं."

रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली, सीटखालचा खाकी शर्ट काढून चढवला, वरपर्यंत बटणं लावली. मग हळूच म्हणाला, "साहेब, हवालदार कुठल्या नाक्यावर आहे?"

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. समोर संतोष, बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा.

"चालता चार्ज अचानक थांबला, तर लांबच्या फील्डला कधी कळतं?"

"बातमी पोचल्यावर, सर. तोवर ते, चार्ज चालत राहिला असता तर जिथे असता, तिकडेच बोट दाखवतं."

"वा! उदाहरण?"

संतोष जरा थांबला. "मी इंजिनिअरिंग पहिल्याच वर्षी सोडून इथे आलो, सर. झेपलं नाही. बाबा अजून पाड्यावर सांगतात, पोरगा इंजिनिअर होतोय."

"अरे, बातमी तर प्रकाशाच्या वेगाने जाते!"

"मध्ये आई आहे, सर."

"मग सांगणार कधी?"

"आज. बाबा बाहेर बाकावर बसलेत."

परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. संतोष बाहेर गेला, मागोमाग आम्ही. त्याने एका दमात सांगून टाकलं. बाबा उठले होते, ते परत बसले.

म्हात्रे सर घाईघाईने म्हणाले, "पण विद्युत क्षेत्र त्याच्याइतकं पक्कं इथे कुणाचंच नाही हो!"

बाबांनी पोराकडे बघितलं. मग सरांना विचारलं,

"किती गुंठं?"